सरडा काट्यावर: कृष्ण ऊर्जा शोधणारा १०० नॅनोमीटरचा पडदा

विट्याच्या गलाईच्या दुकानात सोनं काट्यावर ठेवायच्या आधी दोन गोष्टी होतात. डोक्यावरचा पंखा बंद होतो आणि काट्याची काचेची पेटी लावली जाते. काटा मिलिग्रॅमपर्यंत अचूक असला, तरी पंख्याचा वारा त्याला मिलिग्रॅमपेक्षा जास्त ढकलतो. मग पाटीवर दिसतंय ते वजन सोन्याचं की वाऱ्याचं, हे कळायला मार्ग उरत नाही. यात काट्याचा दोष नाही. त्याला जेवढं ढकललं तेवढं तो दाखवतो, कोणी ढकललं ते विचारत बसत नाही.

१ मिलिग्रॅम वजन म्हणजे सुमारे १० मायक्रोन्यूटन बल. आता याच्या २० कोटी पट नाजूक काटा घ्या. इटलीतल्या त्रिएस्ते इथल्या प्रयोगशाळेत बनलेला ‘क्विस्प’ हा सेन्सर त्या जातीचा. एखादा सेकंद मोजत राहिलं तर ५० फेम्टोन्यूटनच्या आसपासचं बल त्याला जाणवतं. पिको म्हणजे लाख कोटीवा भाग आणि फेम्टो म्हणजे त्याचाही हजारावा. हा काटा बनवला तो कृष्ण ऊर्जेचे कण, असलेच तर, येऊन आपटतात का ते बघायला. या कामात बल मोजणं हा सोपा भाग आहे. मोजलेलं बल कोणाचं, हे ठरवण्यातच वर्षं जातात.

कृष्ण ऊर्जा म्हणजे किती?

नाव ऐकून कृष्णा नदीकडे बघू नका. इथं ‘कृष्ण’ म्हणजे काळी, न दिसणारी. १९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दूरच्या स्फोटक ताऱ्यांचं अंतर मोजलं आणि दोघांनाही एकच गोष्ट दिसली: विश्वाचं प्रसरण मंदावायच्या ऐवजी वेग घेत आहे. सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांना त्याबद्दल २०११ चं नोबेल मिळालं. आजच्या हिशोबाने विश्वातली सुमारे ६८ टक्के ऊर्जा या ढकलणाऱ्या प्रकाराची आहे, २७ टक्के कृष्ण पदार्थ आणि तारे, डोंगर, माणसं, ऊस, हळद हे सगळं मिळून उरलेले ५ टक्के.

६८ टक्के म्हटल्यावर वाटतं, आजूबाजूला खच पडला असेल. तसं नाही. एका घनमीटरमध्ये तिचं वस्तुमान साधारण साडेतीन प्रोटॉनएवढं. कोयनेचा शिवसागर १०५ टीएमसीने काठोकाठ भरलेला डोळ्यासमोर आणा. तेवढ्या जागेतली, म्हणजे सुमारे ३०० कोटी घनमीटरमधली, सगळी कृष्ण ऊर्जा एका ठिकाणी गोळा केली तरी ती एका साध्या जिवाणूच्या पन्नासाव्या भागाएवढी भरेल. तारे आणि दीर्घिका यांच्यामधली रिकामी जागा अफाट आहे आणि ही ऊर्जा सगळीकडे सारखी पसरलेली आहे, एवढ्यावरच तिचं राज्य चालतं.

तेव्हा तिचं वजन करायचा विचार सोडून द्या. पण एक पळवाट आहे. ही ऊर्जा म्हणजे पोकळीचा कायमचा, न बदलणारा गुण असेल, तर प्रयोगशाळेत हाती काही लागणार नाही. ती एखाद्या क्षेत्रामुळे असेल, तर मात्र त्या क्षेत्राचे कण असतील, आणि ते साध्या पदार्थाला थोडंतरी ओढतील किंवा ढकलतील. चुंबकीय क्षेत्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही पण होकायंत्राची सुई हलते, तसंच. गुरुत्व, विद्युतचुंबकीय बल आणि अणुकेंद्रातली दोन बलं या चौघांच्या पलीकडचं हे पाचवं बल.

सरड्याची युक्ती

इथं लगेच शंका येते. असं पाचवं बल असतं तर ग्रहांच्या कक्षा मोजताना, चंद्रावर लेसर मारून अंतर काढताना ते केव्हाच सापडलं असतं. सापडलेलं नाही. मग?

जस्टिन खूरी आणि अमांडा वेल्टमन यांनी २००४ मध्ये याचं एक उत्तर मांडलं. त्यांच्या कणाचं नाव कॅमिलिअन, म्हणजे रंग बदलणारा सरडा. हा कण आसपासच्या घनतेप्रमाणे आपलं वस्तुमान बदलतो. दाट जागेत तो जड होतो, आणि जड कणाचं बल फार लांब पोचत नाही. विरळ जागेत तो हलका होतो आणि त्याचा हात लांबवर जातो. दीर्घिकांमधल्या पोकळीत तो मोकाट, सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये चिडीचूप.

यातून एक विचित्र परिणाम निघतो आणि सगळे प्रयोग त्याच्याभोवतीच रचलेले आहेत. गुळाची १० किलोची ढेप घ्या. गुरुत्वासाठी तिच्यातला प्रत्येक कण मोजला जातो, गाभ्यातलासुद्धा. सरडा-कणासाठी फक्त वरची पातळ साल बोलते, आतला सगळा गूळ मुका. ढेप मोठी केली म्हणून बल त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून सूर्य, पृथ्वी, चंद्र या ढेपा हे बल लपवतात. सापडायचं असेल तर ज्याला गाभाच नाही, नुसती सालच आहे, अशी वस्तू हवी: पातळ पडदा, मायक्रोमीटरची गोळी किंवा थेट एकटा अणू. आणि तीही निर्वात पेटीत, कारण हवेत सरडा पुन्हा जड होतो.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा. कृष्ण ऊर्जेच्या घनतेतून गणिताने एक लांबी निघते, सुमारे ८० मायक्रोमीटर, साधारण केसाच्या जाडीएवढी. नवीन काही असेल तर या अंतराच्या आसपास दिसावं, अशी एक अटकळ आहे. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने पीळ मोजणाऱ्या तराजूने २०२० मध्ये ५२ मायक्रोमीटरपर्यंत तपासलं. न्यूटनचा गुरुत्वाचा नियम तिथेही जसाच्या तसा लागू पडला.

सूर्यातून येणारे सरडे

वरचे प्रयोग दोन वस्तूंमधलं बल बघतात. क्विस्पची कल्पना निराळी आहे: सरडा-कण सूर्यातच तयार होत असतील तर त्यांचा झोत अंगावर झेलायचा. सूर्याच्या आत, केंद्रापासून सुमारे ७० टक्के अंतरावर, तीव्र चुंबकीय क्षेत्राचा थर आहे. तिथे काही प्रकाशकणांचं रूपांतर सरडा-कणांत होऊ शकतं, असं सिद्धांत सांगतो. त्यांची ऊर्जा काही शे इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे मंद क्ष-किरणांच्या घरातली. एवढ्या ऊर्जेचा कण भिंतीतून सरळ पार होतो, कारण भिंतीत त्याला जे वस्तुमान धारण करावं लागतं त्यापेक्षा त्याच्याकडे ऊर्जा जास्त असते.

सगळंच पार होत असेल तर पकडायचं कसं? तिरकं धरून. माहुलीला संगमावर चपटी खापरी पाण्यावर सरळ खाली टाकली तर ती बुडते, तिरकी मारली तर टप्पे घेत जाते. सरडा-कणाच्या बाबतीत पृष्ठभागाला लंब दिशेचा हिस्सा तेवढा मोजायचा. पडदा काही अंशांच्या कोनात धरला की हा हिस्सा छोटा होतो आणि कण आत शिरण्याऐवजी उसळतो. उसळताना पडद्याला धक्का देतो. तो धक्का मोजायचा.

किती असेल तो? चार ओळींत काढता येतो. पृथ्वीपाशी, वातावरणाच्या वर, चौरस मीटरला सुमारे १३६० वॅट सौरऊर्जा येते. सूर्याच्या घडणीशी विसंगती होऊ नये म्हणून सरडा-कणांचा वाटा फार तर १० टक्के धरतात; ही वरची मर्यादा आहे, मोजलेला आकडा नाही. म्हणजे १३६ वॅट. क्विस्प बसवला तो ‘कास्ट’ या प्रयोगावर, जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत. तिथल्या चुंबकाची नळी ४३ मिलिमीटर व्यासाची, क्षेत्रफळ १४.५ चौरस सेंटिमीटर. त्यातून ०.२ वॅट जातील. ही शक्ती प्रकाशवेगाने भागा, उसळण्याबद्दल दुप्पट करा: १३०० पिकोन्यूटन. हे सगळं अनुकूल धरून. तिरक्या कोनामुळे, दुर्बिणीत होणाऱ्या गळतीमुळे आणि सगळेच कण उसळत नाहीत म्हणून प्रत्यक्षात कितीतरी कमी.

कास्ट हा मुळात ॲक्सिऑन नावाच्या दुसऱ्याच कणासाठी उभारलेला प्रयोग. मोठ्या कण-त्वरकासाठी बनलेलं ९ टेस्लाचं नमुना चुंबक फिरत्या मचाणावर बसवलेलं. ते फक्त ८ अंश वर आणि ८ अंश खाली झुकायचं, त्यामुळे सूर्य दिसायचा तो उगवताना दीड तास आणि मावळताना दीड तास. संध्येची वेळ इतकी काटेकोर पाळणारा दुसरा प्रयोग शोधून सापडायचा नाही. क्विस्पला चुंबकाची गरज नव्हती. हवी होती ती त्याच्यामागे बसवलेली क्ष-किरण दुर्बीण. तिचे आरसे तिरक्या कोनानेच काम करतात, त्यामुळे क्ष-किरणांप्रमाणे सरडा-कणही एका ठिपक्यावर गोळा व्हावेत.

काट्याचे भाग

मुख्य भाग म्हणजे सिलिकॉन नायट्राइडचा पडदा. जाडी १०० नॅनोमीटर, केसाच्या सातशेव्या भागाच्या आसपास. सिलिकॉनच्या चौकटीवर तो तबल्याच्या पुडीसारखा ताणून बसलेला असतो. बाजू ५ मिलिमीटर धरली तर त्याचं वस्तुमान साडेसात मायक्रोग्रॅम.

पडदा दोन आरशांच्या मध्ये ठेवतात आणि त्यातून लेसर सोडतात. प्रकाश आरशांमध्ये हजारो वेळा ये-जा करतो आणि ठरावीक तरंगलांबीलाच आत टिकतो. पडदा किंचित सरकला की ही टिकणारी वारंवारता बदलते. किती बदलते याचा अंदाज घ्या: आरशांमधलं अंतर १० सेंटिमीटर, लेसर १०६४ नॅनोमीटरचा आणि अंतरात फरक २.५ फेम्टोमीटरचा पडला, तर सेकंदाला २.८ कोटी कोटींवर कंपनं असलेल्या प्रकाशात ७ कंपनांचा फरक. इलेक्ट्रॉनिक्सचा एक फास लेसरला सतत या पेटीच्या तालावर धरून ठेवतो आणि धरून ठेवायला किती जोर लागला, तेच मापन.

२.५ फेम्टोमीटर हा आकडा उगाच घेतलेला नाही. क्विस्पच्या निर्मात्यांनी पडद्याच्या नैसर्गिक कंपनापासून दूर मोजलेली क्षमता तीच आहे: ५० फेम्टोन्यूटनला २.५ फेम्टोमीटर. प्रोटॉनचा व्यास १.७ फेम्टोमीटर. दोन आकड्यांचा भागाकार केला की पडद्याचा ताठरपणा निघतो, मीटरला २० न्यूटन. आणि इथेच पहिली अडचण उभी राहते.

खोलीच्या तापमानाला कुठलीच वस्तू स्वस्थ बसत नाही. २० न्यूटन प्रति मीटर ताठरपणाची स्प्रिंग २७ अंश सेल्सिअसला आपोआप सुमारे १४ पिकोमीटर थरथरते. आपल्याला मोजायचंय त्याच्या पाच हजार पटीहून जास्त! हे कोडं ‘मिरज’ या एका शब्दात सुटतं. मिरजेच्या कारागिराने बनवलेला तानपुरा छेडला की तार आपल्या एकाच सुरात बराच वेळ घुमत राहते, इतर सुरांत तिचा आवाज जवळपास नसतो. सतारीच्या तरफेच्या तारा तर छेडाव्याही लागत नाहीत, आपला सूर कानावर पडला तरच बोलतात. चांगल्या पडद्याचंही तसंच. उष्णतेची सगळी थरथर त्याच्या स्वतःच्या सुराभोवतीच्या बारीक पट्ट्यात गोळा होते आणि बाकीचा भाग शांत राहतो. हा गुण ‘क्यू’ या आकड्याने सांगतात. क्यू १० लाख आणि सूर सेकंदाला १ लाख कंपनांचा असेल, तर एकदा छेडल्यावर नाद विरायला सुमारे ३ सेकंद, म्हणजे ३ लाख हेलकावे लागतात. क्यू कमी झाला की थरथर सगळीकडे पसरते. पडद्याला धुळीचा कण चिकटला, चौकट जास्त घट्ट आवळली, पेटीत हवा उरली, ही क्यू पडायची नेहमीची कारणं.

हवा काढणं हे वेगळं प्रकरण आहे. पडद्याच्या दोन्ही बाजूंना वातावरणाचा दाब सारखा आहे तोवर ठीक. एका बाजूची हवा आधी निघाली तर ५ मिलिमीटरच्या पडद्यावर अडीच न्यूटनचा, म्हणजे पाव किलो वजनाचा, भार पडतो आणि १०० नॅनोमीटरचा पडदा फुटतो. म्हणून बारीक झडपेतून, तासन्‌तास, हळूहळू उपसायचं. शेवटी दाब वातावरणाच्या अब्जाव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी.

आता काट्याला वजनं लावून पाहायची. एवढ्या छोट्या बलाचं वजन-माप बाजारात मिळत नाही, पण प्रकाश मिळतो. १ मिलिवॅटचा लेसर आरशावर सरळ आपटून परतला की ६.७ पिकोन्यूटन ढकलतो, कुठेही, कधीही. दुसरा एक लेसर ठरावीक शक्तीने पडद्यावर मारायचा, त्याची उघडझाप करायची आणि पडदा किती हलला ते लिहून ठेवायचं.

पंखा कुठे कुठे आहे

सूर्याचा झोत सतत येत राहिला तर पडदा एकदाच किंचित कलेल आणि तसाच राहील. असा कायमचा कल ओळखता येत नाही, कारण तापमान, टेबलाचा कल, लेसरची घसरण हेही तसंच सावकाश सरकवतात. म्हणून दुर्बीण आणि पडदा यांच्यामध्ये खाचा पाडलेली चकती फिरवतात. झोत ठरावीक तालाने अडतो आणि सुटतो. आता फक्त त्या तालावरची हालचाल शोधायची. जितका वेळ मोजाल तितका गोंगाट वेळेच्या वर्गमुळाने घटतो: १०० पट वेळ दिला तर १० पट स्वच्छ. दीड तासात ५४०० सेकंद, म्हणजे सुमारे ७३ पट.

सरडा-कण भिंतीतून पार होतात म्हटलं, मग चकती त्यांना अडवते कशी? तिथेही तिरका कोनच. चकतीच्या पाकळ्या अशा कलत्या असतात की कण त्यांच्यावरून घसरून बाजूला जावेत.

या चकतीची खोड अशी की ती स्वतःच फिरते. तिची मोटर टेबलाला नेमक्या त्याच तालावर हादरे देते, जो ताल आपण शोधतोय. मोटरच्या तारांमधून तोच ताल इलेक्ट्रॉनिक्समध्ये झिरपतो. हा गोंगाट वर्गमुळाने घटत नाही. जितका वेळ मोजाल तितका तो ठळक होतो, अगदी खऱ्या संकेतासारखा. उपाय तीन. चकतीचं बूड वेगळ्या पायावर घ्यायचं. तिची वीज वेगळी ठेवायची. आणि सूर्याकडे तोंड नसताना चकती तेवढाच वेळ फिरवून मोजायचं. दोन्ही मोजण्या सारख्याच आल्या, तर दिसलं ते चकतीचं.

त्याहून वाईट चोर म्हणजे खुद्द ऊन. ५ मिलिमीटरच्या पडद्यावर भर दुपारचं ऊन पडून पूर्ण परतलं तर त्याचा दाब सुमारे १७० पिकोन्यूटन होतो. दुर्बिणीतून कणभर दृश्य प्रकाश झिरपला, की तोही चकतीच्या तालावर, तोही फक्त सूर्याकडे तोंड असतानाच. वरच्या तिन्ही कसोट्या तो पार करतो. इथं मात्र सरड्याचाच गुण कामी येतो: मध्ये सरळ धरलेला अपारदर्शक पातळ पत्रा टाकला तर ऊन थांबतं, सरडा थांबत नाही.

जमिनीचे हादरे हा सगळ्यांना माहीत असलेला शत्रू, आणि त्यावरचा इलाजही जुना, लोलक. २५ सेंटिमीटर लांबीचा लोलक सेकंदाला एक झोका घेतो. त्याहून जलद हादरे तो गिळतो: ३० हर्ट्‌झला ९०० पट, आणि एकाखाली एक दोन लोलक टांगले तर ८ लाख पट. पण १ हर्ट्‌झच्या खाली तो काहीच करत नाही, म्हणून चकतीचा ताल जितका वर नेता येईल तितका न्यायचा. ५० हर्ट्‌झ आणि त्याच्या पटी मात्र टाळायच्या. महावितरणची वीज तिथे बसलेली असते आणि तीही नेमकी ५० वर स्थिर नसते.

आपल्या सांगली-साताऱ्याच्या भागात असं टेबल मांडायचं झालं तर? जागा निवडणं गमतीचं आहे. सांगलीच्या नदीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया सरकत राहणार. गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग, मिरज जंक्शनच्या मालगाड्या, हे सगळं काही हर्ट्‌झ ते काही दहा हर्ट्‌झमध्ये. वर वनकुसवड्याच्या पठारावर कातळ उघडा आहे, पण तिथे पवनचक्क्या. तीन पात्यांची चक्की मिनिटाला २० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला एक पातं खांबासमोरून जातं आणि तो ठोका खडकातून लांबवर पोचतो. स्कॉटलंडमध्ये एस्कडेलम्यूर इथल्या भूकंपमापक केंद्राभोवती पवनचक्क्यांवर याच कारणाने मर्यादा आहेत. पाटण तालुक्यात आणखी खाली गेलं की कोयना. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सगळ्यांना ठाऊक. छोटे धक्के आजही चालूच आहेत. त्यांच्या अभ्यासासाठी कराडजवळ हजारमाचीला भूविज्ञान खात्याची विंधनविवर प्रयोगशाळा आहे आणि गोठण्याला ३ किलोमीटर खोल विवर खणलं गेलं. त्यांना जो संकेत हवा तो आपल्याला कचरा, एवढाच फरक. शिवाय पावसाळ्यात अरबी समुद्राच्या लाटांची मंद धडधड, ०.१ ते ०.३ हर्ट्‌झची, घाट चढून वर येते. निवडायचंच तर साताऱ्याच्या बाजूच्या कातळातलं एखादं तळघर, चकतीचा ताल शंभर हर्ट्‌झच्या वर, आणि मोजणी रात्री. अडचण एवढीच की रात्री सूर्य पायाखाली असतो. सरडा-कणांना पृथ्वी आडवी येत नसेल तर तेही चालेल, पण कोन जुळवणारी दुर्बीण जमिनीत रोखायची कशी, हे ज्याचं त्याने बघावं.

काय सापडलं

जुलै २०१७ मध्ये कास्टवर क्विस्पने सूर्याकडे तोंड करून मोजणी केली. तिथे वापरलेलं यंत्र दोन भुजांच्या, मायकेलसन पद्धतीच्या मांडणीचं होतं. हिंगोलीजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचं मूळ तत्त्वही तेच. सरडा-कणांचा संकेत दिसला नाही. पडद्यावरचं बल, ९५ टक्के खात्रीने, ८० पिकोन्यूटनपेक्षा जास्त नाही, एवढं ठरलं. हे १२ मिलिवॅट लेसरच्या दाबाएवढं. त्रिएस्तेच्या शांत टेबलावरच्या ५० फेम्टोन्यूटनच्या शेजारी हा आकडा ठेवून नाक मुरडायचं कारण नाही. तो एका वेगळ्या मांडणीचा आणि प्रति सेकंद क्षमतेचा आकडा होता, हा सूर्यामागे फिरणाऱ्या मचाणावर मिळालेला निकाल आहे.

इतरांनी फास जास्त आवळला. बर्कलीच्या गटाने २०१५ मध्ये निर्वात पेटीत ॲल्युमिनियमच्या गोळ्याशेजारून सीझियमचे अणू सोडले. अणू इतका छोटा की त्याला गाभाच नाही, तो पूर्णपणे बोलतो. तिथेही जास्तीची ओढ दिसली नाही. नानजिंग विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये चुंबकावर तरंगणारा सेन्सर वापरला. तरंगवल्यामुळे आधाराचा गोंगाट नाही आणि वस्तू पातळ पत्र्याची, म्हणून लपायला गाभा नाही. त्यांच्या मोजणीने कृष्ण ऊर्जेचं स्पष्टीकरण म्हणून मांडलेला मूळ, साधा सरडा बाद झाला. जे उरलेत ते त्याचे गुंतागुंतीचे चुलतभाऊ.

मध्ये एकदा आशा पल्लवित झाली होती. २०२० मध्ये इटलीतल्या डोंगराखालच्या, कृष्ण पदार्थ शोधणाऱ्या झेनॉन-१टी यंत्रात अपेक्षेपेक्षा जास्त नोंदी आल्या आणि २०२१ मध्ये काही सिद्धांतकारांनी त्या सूर्यातल्या सरडा-कणांच्या असू शकतात असं मांडलं. २०२२ मध्ये त्याच गटाच्या मोठ्या यंत्रात त्या जास्तीच्या नोंदी गायब होत्या. म्हणजे कोणाचा तरी पंखा चालू राहिला होता.

सिद्धांताच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, कारण बातम्यांत ती गाळली जाते. २०१२ मध्ये खुद्द खूरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की या जातीच्या कणांचा हात विश्वाच्या मानाने इतका आखूड आहे की ते स्वतःच्या जोरावर प्रसरणाला वेग देऊ शकत नाहीत. तरी पाचवं बल असू शकतं, म्हणून शोध चालू आहे. पण ‘कृष्ण ऊर्जा सापडणार’ असा मथळा दिसला तर जरा जपून वाचा.

शाळेच्या वर्गात करण्याजोगी मांडणी

फेम्टोन्यूटन नाही, पण चकती, ताल, सरासरी आणि खोटा संकेत हे चारही एका टेबलावर दाखवता येतात. ११० मिलिमीटर व्यासाचा, हातभर लांबीचा पीव्हीसी पाइप घ्या. एका तोंडावर मोठ्या फुग्याचं रबर ताणून बांधा. दुसरं तोंड उघडं ठेवा. बंद केलंत तर आतली हवा उन्हाने फुगून पडदा दिवसभर सरकत राहील. रबरावर, मध्य आणि कडा यांच्या अर्ध्या वाटेवर, ५ मिलिमीटरचा आरशाचा तुकडा चिकटवा, जितका पातळ मिळेल तितका. मग तासभर थांबा, कारण ताणलेलं रबर सुरुवातीला सैल पडत असतं.

५ मिलिवॅटपेक्षा कमी शक्तीचा लेसर पॉइंटर स्टँडला आवळून आरशावर रोखा आणि परतलेला ठिपका ५ मीटरवरच्या भिंतीवर, आलेख-कागदावर घ्या. कोणाचेही डोळे त्या रेषेत येऊ देऊ नका. पडद्याचा मध्य ५ मायक्रोमीटर दबला तर आरसा सुमारे एक दहा हजारांश रेडियन कलतो, परतलेला किरण त्याच्या दुप्पट वळतो आणि भिंतीवर ठिपका १ मिलिमीटर सरकतो. केसाच्या चौदाव्या भागाएवढी हालचाल डोळ्यांनी दिसते.

आता संगणकातला छोटा १२ व्होल्टचा पंखा पडद्याकडे तोंड करून मीटरभर अंतरावर ठेवा आणि मध्ये दोन खाचांची पुठ्ठ्याची चकती ६० आरपीएमच्या गिअर मोटरवर फिरवा. सेकंदाला दोन झुळका. ठिपक्याचं मोबाइलवर ३० फ्रेमच्या गतीने मिनिटभर चित्रण करा. दर १५ फ्रेमना झुळकेचा एक फेरा, म्हणजे चकतीचा अर्धा, पूर्ण होतो. शंभर फेरे एकावर एक ठेवून ठिपक्याच्या जागेची सरासरी काढा. एका फेऱ्यात न दिसणारी लाट दहापट स्वच्छ होऊन वर येईल. पंखा लांब नेत जा आणि लाट कुठे हरवते ते नोंदवा. मोटरचा वेग अर्ध्या टक्क्यानेही घसरला तरी शंभर फेऱ्यांत जुळणी चुकते आणि लाट पुसली जाते, म्हणून चकतीच्या कडेला खूण करून तीही चित्रणात घ्या आणि फेरे त्या खुणेवरून मोजा.

मग पंख्यासमोर जाड पुठ्ठा धरा, मोटर चालूच ठेवा आणि पुन्हा मिनिटभर चित्रण करा. मोटर त्याच टेबलावर असेल तर लाट बहुतेक अजूनही दिसेल, थोडी लहान. ती पूर्ण जाईपर्यंत मोटरखाली स्पंज घाला, तिला शेजारच्या बाकावर हलवा, तारा टेबलाला टेकू देऊ नका. पहिल्या मिनिटाचा आकडा वहीत लिहायचा तो यानंतर.